पाठीचा विसावा



कामाला लागणाऱ्या माणसाला आपण काय सांगतो? 'कंबर कस' असे सांगतो. 'कंबर सैल सोड' असे कोणी कोणाला सांगितलेले माझ्या तरी ऐकण्यात नाही. आज मात्र मी तेच सांगण्यासाठी तुमच्यापुढे बसलो आहे.

मावळातल्या एका तालुक्याच्या गावी मी चाळीस वर्षे डॉक्टरकी केली. ताप, हगवण, विंचुदंश, बाळंतपणे, सगळे काही पाहिले. पावसाळ्यात तापाचे रोगी वाढत, उन्हाळ्यात हगवणीचे. पण बाराही महिने दवाखान्याच्या बाकावर एक तरी माणूस कंबरेला हात लावून, एका अंगावर कलून बसलेला असायचाच. कोणी म्हणे उसण भरली, कोणी म्हणे चमक निघाली, कोणी म्हणे पायाची शीर आखडली. शेतकरी असत, मोळी वाहणाऱ्या बाया असत आणि आमचे शिक्षकबंधूही असत. या दुखण्याने माणूस मरत नाही, पण घरातला कर्ता माणूस ऐन हंगामात आडवा झाला म्हणजे त्या घरावर काय प्रसंग येतो, ते तुम्हांला मी सांगायला नको.

सुरुवात माझ्याच हातून झालेल्या एका चुकीपासून करतो.

१९८४ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. लावणीचे दिवस होते. चिखलणी झालेल्या खाचरात दिवसभर ओणवे राहून भाताचे रोप लावणारा एक शेतकरी, वय असेल अडतीस-चाळीस, त्याला दोघांनी धरून दवाखान्यात आणला. रोपाच्या जुड्या उचलताना कंबरेत कळ आली आणि ती कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पार पोटरीपर्यंत विजेसारखी उतरली. त्याला धड बसवेना, धड उभे राहवेना. मी तपासले. सायटिका, म्हणजे आपल्या आयुर्वेदात जिला गृध्रसी म्हणतात ती व्यथा. त्या वेळी डॉक्टर सरसकट जो उपचार सांगत तोच मीही सांगितला : लाकडी फळीवर सहा आठवडे उताणे पडून राहायचे, हलायचे नाही.

गडी आज्ञाधारक. सहा आठवडे खरोखरच पडून राहिला. लावणी बायकोने आणि म्हाताऱ्या बापाने कशीबशी उरकली, तरी दोन खाचरे तशीच राहिली. सहा आठवड्यांनी तो उठला तेव्हा मांड्या बारीक झाल्या होत्या आणि अंगणाच्या टोकापर्यंत गेला की त्याला धाप लागत होती. कळ पुष्कळ कमी झाली होती, पण मनात भीती शिरली ती काही निघाली नाही. वाकलो की कंबर मोडेल, या धास्तीने त्याने पुन्हा नांगर धरला नाही. पुढल्या वर्षी बैलजोडी विकली.

चार-पाच वर्षांनी तो मला बाजारात भेटला. मी सहज विचारले, "काय पाव्हणं, पाठ कशी हाय?" तो म्हणाला, "डाक्तरसाहेब, तुमी पडून ऱ्हा म्हणलात, पडून ऱ्हायलो. पर उठायचं कवा, ते तुमी सांगितलं न्हाई."

त्याने हे रागाने म्हटले नव्हते, पण ते माझ्या मनाला लागले. म्हणून आज जे सांगणार आहे ते एवढेच : पाठीला विसावा हवा, पण विसावा कशाला म्हणायचे, तो किती घ्यायचा आणि उठायचे कधी, हेही कळायला हवे.

प्रथम पाठीची रचना थोडक्यात पाहू. आपला कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. मानेत सात, छातीमागे बारा, कंबरेत पाच, आणि त्याखाली माकडहाडापर्यंत जुळून गेलेले काही. दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते. बाहेरून चिवट धाग्यांचे कडे आणि आत मऊ, ओलसर गर. 'गादी सरकली' असे आपण म्हणतो, पण गादी काही खुर्चीवरच्या उशीसारखी सरकत नाही. तिचे कडे एका जागी विरते आणि आतला गर तिथून फुगतो किंवा बाहेर येतो. तो शेजारच्या मज्जातंतूला टेकला की पायात कळ उतरते. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शस्त्रवैद्यांनी १९३४ साली ही गोष्ट प्रथम नीट दाखवून दिली. पायात उतरणारा हा मज्जातंतू शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू, जवळजवळ बोटाएवढा. तो दुखावला की केवढी कळ लागत असेल, याची कल्पना यावरून करावी.

आता या गादीची एक गंमत सांगतो. मोठ्या माणसाच्या गादीला रक्ताचा पुरवठा जवळजवळ नसतो. ओल्या फडक्यासारखी ती दाबली की पाणी सोडते आणि दाब निघाला की पाणी शोषून घेते. तेच तिचे पोषण. दिवसभर उभे राहून, वाकून, ओझे वाहून ती दबते. रात्री आडवे झाल्यावर पुन्हा भरते. म्हणून सकाळी उठल्यावर आपली उंची संध्याकाळच्या मानाने एक ते दोन सेंटिमीटर जास्त असते. शिक्षकबंधूंनी भिंतीवर खूण करून मुलांकडून हा प्रयोग जरूर करून घ्यावा. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन या डॉक्टरांनी १९६० नंतरच्या दशकात माणसांच्या गादीत बारीक सुई घालून दाब मोजला. उभ्या माणसाच्या गादीवर जेवढा दाब असतो, त्याच्या सुमारे चौथा हिस्सा दाब उताणे निजल्यावर असतो. पुढे वाकून ओझे उचलले की तोच दाब कितीतरी पटींनी चढतो.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, "मग डॉक्टर, निजून राहणे चांगलेच की! तुमची चूक ती कसली?" मलाही पूर्वी तसेच वाटत असे. पण गादीला दाब निघण्याची जेवढी गरज आहे तेवढीच हालचालीचीही आहे. फडके नुसते पाण्यात पडून राहिले तर धुतले जात नाही. पिळावे लागते, सोडावे लागते. शिवाय नुसते पडून राहिले की कण्याला धरून ठेवणारे स्नायू दिवसागणिक दुबळे होतात.

याचा पडताळा पुढे मिळाला. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये पाठ दुखणाऱ्या २०३ रोग्यांपैकी काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस पडून राहण्यास सांगितले. पाठ दोघांचीही सारखीच सुधारली, पण दोन दिवस सांगितलेल्यांचे कामाचे खाडे पंचेचाळीस टक्क्यांनी कमी पडले. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ नोकरांवर असाच प्रयोग झाला. काहींना अंथरुणात ठेवले, काहींना पाठीचे व्यायाम दिले, काहींना सांगितले, 'सोसेल तसे नेहमीचे हिंडा-फिरा.' हे तिसरे लोक सर्वांत आधी बरे झाले. १९९९ साली हॉलंडमध्ये खास सायटिकाच्या १८३ रोग्यांवर प्रयोग झाला. दोन आठवडे अंथरुणात ठेवलेले आणि न ठेवलेले असे दोन गट केले. बारा आठवड्यांनी पाहिले तर दोन्ही गटांत शंभरातले सत्त्याऐंशी लोक सुधारले होते. अंथरुण धरण्याने काही जास्त साधले नव्हते.

यातला धीर देणारा भाग लक्षात घ्या. पायात उतरलेली कळ कितीही भयंकर वाटली, तरी बहुतेकांची ती दोन-तीन महिन्यांत निवळते. निसर्ग आपले काम करीत असतो. आपण त्याच्या आड येऊ नये, एवढेच.

मग विसावा कसा घ्यावा? मी त्याच्या तीन पायऱ्या सांगतो. पहिली, अंग टेकणे. दुसरी, अंग सैल सोडणे. तिसरी, झोप.

पहिली पायरी अंग टेकण्याची. कळ ऐन भरात असेल तेव्हा एक-दोन दिवस जास्त वेळ आडवे राहायला हरकत नाही. जमिनीवर घोंगडी आणि वर गोधडी अंथरा. उताणे निजा आणि दोन्ही पोटऱ्या एखाद्या खुर्चीवर, पेटीवर किंवा धान्याच्या पोत्यावर टेकवा, म्हणजे मांड्या उभ्या आणि पोटऱ्या आडव्या राहतील. पुष्कळांना यात कळ एकदम हलकी झाल्यासारखी वाटते. पंधरा-वीस मिनिटे असे पडा, मग उठून चार पावले चाला. अंगणातून ओट्यापर्यंत, ओट्यापासून गोठ्यापर्यंत. थोड्या वेळाने पुन्हा टेका. तिसऱ्या दिवसापासून टेकणे कमी आणि चालणे जास्त. वाकणे, ओझे उचलणे आणि फार वेळ एका जागी बसणे मात्र काही आठवडे टाळावे. शेकाने बरे वाटत असेल तर शेक घ्यावा. पण मधुमेह असलेल्यांनी आणि पायाला बधिरता आलेल्यांनी जपावे, चटका बसलेला कळत नाही.

दुसरी पायरी अंग सैल सोडण्याची. माझ्या मते सर्वांत मोलाची हीच आहे, आणि आपण तिकडे सर्वांत कमी लक्ष देतो. आडवा झालेला प्रत्येक माणूस विसावलेला असतो असे नाही. अंथरुणावर पडून जो कर्जाचा हप्ता मोजतो आहे, त्याच्या मुठी, जबडा आणि पाठ ही दिवसासारखीच आवळलेली असतात. दुखऱ्या भागाभोवतीचे स्नायू आपण होऊन घट्ट होतात, ते त्या भागाला जपण्यासाठीच. पण ते तासन् तास घट्ट राहिले की तेच दुखू लागतात. दुखले की भीती, भीतीने आणखी आवळणे, आवळल्याने आणखी दुखणे. घाण्याच्या बैलासारखे हे चक्र फिरत राहते.

मन आणि दुखणे यांचा हा संबंध नुसता समजुतीचा नाही. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असा विचार मांडला, की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना वाटेत पाठीच्या मज्जारज्जूत जणू एक दार लागते. रात्री पाटावर दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल. पाणी तेवढेच असते, पण दार किती उघडे यावर वाफ्यात किती जाईल ते ठरते. धास्ती, चिंता, जागरण यांनी वेदनेचे दार मोठे होते. निर्धास्तपणा, हालचाल, चांगली झोप यांनी ते लहान होते. त्या विचारात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मेंदू वेदना कमी-जास्त करू शकतो हा त्यातला गाभा टिकून राहिला आहे.

भीतीवरून आठवले. अलीकडे एमआरआयचा फोटो काढून आणतात आणि 'गादी फुगली आहे' हे वाचून माणूस निम्मा खचतो. १९९४ साली अमेरिकेत ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा ९८ लोकांचे हे फोटो काढले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली! केस पिकतात तशा गाद्याही जुन्या होतात. फोटो डॉक्टरांना दाखवा, पण त्याला मृत्युपत्र समजू नका.

आता सैल सोडायचे कसे? हे भाषण ऐकता ऐकता जरा आपल्या खांद्यांकडे पाहा. ते कानांकडे चढलेले आहेत का? दात एकमेकांवर दाबलेले आहेत का? मूठ वळलेली आहे का? बहुतेकांची असेल, आणि मी सांगेपर्यंत ते तुमच्या ध्यानातही आले नसेल. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी नेमके हेच हेरले. आवळणे म्हणजे काय ते कळल्याशिवाय सोडणे म्हणजे काय ते कळत नाही, असे ओळखून त्यांनी एक रीत बसवली आणि १९२९ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे तर शवासन कितीतरी जुने. काही शतकांपूर्वीच्या 'हठयोगप्रदीपिके'त ते सांगितले आहे. आमच्या जवळच लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, आणि मुंबईचे डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर केलेले शवासनाचे प्रयोग १९६९ साली प्रसिद्ध झाले.

माझी रीत या दोहोंवरून घेतलेली आहे. उताणे निजा. गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी घ्या. डोळे मिटा. उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा, मनात पाच अंक मोजा आणि सोडून द्या. एकदम सोडा, हळूहळू नको. सोडल्यावर हात कसा जड, ऊबदार झाला ते पाहत राहा. मग डावा हात. मग खांदे कानांकडे ओढा आणि सोडा. कपाळाला आठ्या घाला आणि सोडा. दात दाबा आणि सोडा. पोट आत घ्या आणि सोडा. मग पाय. ज्या पायात कळ आहे तो मात्र आवळू नका. तो नुसता जमिनीवर टाका, जणू तो आपला नव्हेच. शेवटी श्वासाकडे लक्ष द्या. आत येईल तसा येऊ द्या. बाहेर सोडताना सावकाश सोडा. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. सकाळ-संध्याकाळ करा. पहिल्या दिवशी काहीच वाटणार नाही. सायकल शिकताना पहिल्या दिवशी आपण पडतोच. पंधरा दिवस नेमाने केले की अंग आपोआप सैल होऊ लागते, आणि मग बांधावर उभे असतानाही, वर्गात शिकवत असतानाही आपल्याला समजते, 'अरे, खांदे चढले', आणि ते आपण सोडून देतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे तुम्ही आधी स्वतः शिकावे आणि मग कवायतीच्या तासाला शेवटची पाच मिनिटे मुलांना शिकवावे. मुले यात मोठी हुशार असतात. वह्या तपासताना अर्ध्या तासाहून अधिक बसू नये. उठावे, पाणी प्यावे, खिडकीपर्यंत जावे. आणि फळ्यापुढे दिवसभर उभे राहावे लागत असेल तर एक पाय वीट-दोन वीट उंचीवर ठेवून पाय आलटून पालटून उभे राहावे. कंबरेला तेवढाच आराम.

तिसरी पायरी झोपेची. पाठ दुखते म्हणून झोप येत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण झोप नीट होत नाही म्हणून पाठ जास्त दुखते, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. एक रात्र जागरण झाले की नेहमी सोसणारी कळही सोसत नाही. तेव्हा झोपेला औषधासारखा मान द्यावा.

कुशीवर झोपायचे तर दोन गुडघ्यांमध्ये घडी घातलेली गोधडी घ्यावी. उताणे झोपायचे तर गुडघ्यांखाली घ्यावी. बाज झोळीसारखी खोल गेली असेल तर ती आवळून घ्यावी, नाही तर सरळ खाली निजावे. पण नुसती फळी हवी हा जुना आग्रह नको. २००३ साली स्पेनमध्ये पाठ दुखणाऱ्या ३१३ लोकांवर केलेल्या प्रयोगात फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीचा गुण जास्त आला. आपल्या दोन जाड गोधड्या म्हणजे जवळपास तेच. उठताना उताणे असतानाच झटका देऊन उठू नये. आधी कुशीवर वळावे, मग हाताच्या आधाराने उठावे. आणि मघाशी सांगितले तशा गाद्या सकाळी पाण्याने टच्च भरलेल्या असतात. उठल्यानंतर पहिला तासभर खोल वाकणे आणि भरला हंडा उचलणे टाळावे. ते शक्य नसेल तर हंडा निम्मा भरावा, खेप एक वाढली तरी चालेल.

दुपारी चारनंतर चहा नको. झोपताना मिश्री, तंबाखू, विडी नको; तंबाखूने झोप पळते. मोबाईल उशाशी नको, दुसऱ्या खोलीत ठेवा. दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. मध्यरात्री कळेने जाग आली तर घड्याळ पाहू नका. उठून पडवीत दोन-चार येरझारा घाला, अंग सैल सोडण्याची रीत करा आणि पुन्हा पडा. झोप लागली तर उत्तमच; नाही लागली तरी सैल पडलेले अंग विश्रांतीच घेत असते. ज्या भागात शेतीच्या विजेची पाळी रात्री येते, तिथल्या बंधूंना हे सगळे पाळणे कठीण आहे, हे मी जाणतो. त्यांनी एवढे तरी करावे. दारे धरून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी झोप पुरी करावी, आणि त्या दिवशी पोती उचलण्याचे काम घेऊ नये.

इथे एक गोष्ट घरच्या मंडळींना सांगायची आहे. एक मावशी माझ्याकडे येत. सरपणाच्या मोळ्या, पाण्याच्या खेपा, लावणी, सगळे करून पाठ धरलेली. मी म्हटले, "मावशी, दुपारी जरा पडत जा." त्या हसल्या. म्हणाल्या, "दिवसा बाईमाणूस पडलं तर घर काय म्हनंल?" मग मी कागद घेतला आणि औषधाच्या चिठ्ठीसारखे लिहून दिले : 'जमिनीवर पोटऱ्या वर टेकवून पडणे, वीस मिनिटे, दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर.' खाली सही-शिक्का केला. पंधरा दिवसांनी मावशी आल्या त्या जरा ताठ चालत. म्हणाल्या, "सासूबाई आता घड्याळ लावून निजवत्यात!" श्रोतेहो, बाईचा विसावा मिळवायला डॉक्टरचा शिक्का लागावा, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. ज्या घरात गड्याला पारावर टेकायला मुभा असते, त्या घरात बाईलाही वीस मिनिटे टेकायला मुभा असावी.

आता सर्वांत महत्त्वाचा इशारा. सगळीच पाठदुखी विसाव्याने बरी होणारी नसते. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, लघवी अडली, दोन्ही मांड्यांच्या मधली बसण्याची जागा बधिर झाली, पाऊल उचलता येईना, किंवा पायांतली शक्ती वाढत्या प्रमाणात जाऊ लागली, तर घटकाभरही न दवडता मोठ्या रुग्णालयात जावे. उशीर झाल्यास कायमचे अपंगत्व येते. पाठीबरोबर ताप, वजन घटणे, रात्री घाम, किंवा पडूनही मुळीच न थांबणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षय किंवा दुसरा काही विकार असू शकतो. क्षयावरची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण निदान वेळेवर व्हायला हवे. पडल्याने, अपघाताने किंवा म्हातारपणी साध्या धक्क्यानेही एकाएकी पाठ दुखू लागली तर मणका मोडला नाही ना, हे पाहून घ्यावे. वेदनेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून महिनोन् महिने खाऊ नयेत. पोट आणि मूत्रपिंडे बिघडतात.

आणि एक. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेण्याची चाल आपल्याकडे आहे. साधी उसण चार-आठ दिवसांत आपोआप उतरते, आणि यश पायाळूच्या पायाला मिळते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आत मणका किडलेला, मोडलेला किंवा मज्जातंतू दबलेला असेल तर तीच लाथ माणसाला जन्माचा पांगळा करील. तेव्हा हा खेळ नको.

शेवटी त्या शेतकऱ्याकडे वळतो. २००६ सालचा जुलै. पुन्हा लावणी, पुन्हा तेच दुखणे. या वेळी त्याचा मुलगा. आणि मुलाला धरून आणणारा तोच बाप, आता केस पांढरे झालेला. मी तपासले. पाऊल उचलता येत होते, बधिरता नव्हती, लघवीची तक्रार नव्हती. म्हातारा म्हणाला, "ह्यालाबी फळी लागंल का?" मी म्हटले, "नाही काका. दोन दिवस टेकायचं, तिसऱ्या दिवशी बांधावरनं चालायचं." मग मी त्या पोराला तिथेच जमिनीवर निजवून मूठ आवळायला आणि सोडायला शिकवले. बाप बाजूला बसून ऐकत होता. थोड्या वेळाने पाहतो तर म्हाताराही आपल्या मुठी आवळून सोडतो आहे!

त्या वर्षी त्या पोराने लावणी केली नाही. मी करू दिली नाही. पण रोज तो चालत होता, रात्री गुडघ्यांत गोधडी घेऊन झोपत होता, आणि मधून मधून कळ आली तरी घाबरत नव्हता. भात पिवळे पडले तेव्हा तीन महिने झाले होते. कापणीला तो विळा घेऊन उतरला. ओळभर कापायची, उभे राहून पाठ सरळ करायची, मग पुढची ओळ, असे करीत त्याने आपला वाटा उचलला. बैल त्या घरात पुन्हा आले नाहीत. ते नुकसान माझ्या खात्यावर राहिले. पण पोराच्या मनात भीती शिरली नाही.

म्हणून, श्रोतेहो, कामाच्या वेळी कंबर जरूर कसा. पण दिवसातून दोनदा ती सैल सोडा, रात्री तिला पुरती झोप द्या, आणि दुखली तर थोडे टेकून पुन्हा चालू लागा. आणि घरात कोणाला पडून राहा म्हणून सांगाल, तेव्हा उठायचे कधी तेही सांगा.